स्मोकर घरी आला, पण वीज पुरेल का?

वांग्याचे भरीत गॅसवर भाजूनही होते. पण शेगडीतल्या निखाऱ्यांवर भाजलेल्या वांग्याची गोष्ट निराळी असते. ताकाला किंवा डाळीला धुंगार द्यायचा म्हणजे वाटीत तापलेला कोळसा ठेवून त्यावर तुपाची धार सोडायची आणि वर झाकण घालायचे, ही युक्तीही आपल्याकडे जुनीच. गोव्यात चोरिस चुलीच्या धुरावर सुकवण्याची परंपरा आहे, तर नागालँडमध्ये मांस चुलीवर टांगून ठेवण्याची. धूर हा अन्नाला चव देणारा आणि ते टिकवायला मदत करणारा पदार्थ आहे, हे आपल्याला कुणी नव्याने सांगावे लागत नाही.

अमेरिकेत मात्र या कलेला घराच्या अंगणात स्वतंत्र यंत्र मिळाले. छोट्या फ्रीजच्या आकाराचे, दार असलेले, तळाशी तापणारे कॉइल आणि त्यावर लाकडाच्या ढलप्या ठेवायचा ट्रे, असे या विद्युत स्मोकरचे स्वरूप असते. कॉइलच्या उष्णतेने ढलप्या ज्वाळा न होता धुमसतात आणि मांस, मासे, चीज किंवा पनीर त्या धुरात तासन्‌तास मंद आचेवर शिजते. परदेशात काही वर्षे राहून परतणारी मराठी कुटुंबे सामानाबरोबर असा स्मोकर घेऊन येतात, काही जण तो मागवून घेतात. आणि मग पहिलाच प्रश्न उभा राहतो तो पाककृतीचा नव्हे, तर विजेचा. त्याचे उत्तर चुकले, तर जेवण तर बिघडतेच. पण यंत्र जळण्यापासून आग लागण्यापर्यंत काहीही होऊ शकते.

वॅटचा आकडा काय सांगतो?

कोणत्याही विद्युत उपकरणाच्या मागे एक लहान पट्टी असते. तीवर व्होल्ट, हर्ट्‌झ आणि वॅट हे तीन आकडे असतात. खरेदीपूर्वी किंवा प्लग लावण्यापूर्वी वाचायची गोष्ट ती हीच. मध्यम आकाराचा विद्युत स्मोकर साधारण ८०० वॅटचा, तर मोठा १२०० वॅटच्या आसपास असतो. वॅटला व्होल्टने भागले की प्रवाह, म्हणजे अँपिअर मिळतात. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्‌झची. म्हणून २३० व्होल्टसाठी बनवलेला ८०० वॅटचा स्मोकर सुमारे साडेतीन अँपिअर घेतो आणि १२०० वॅटचा सव्वापाच अँपिअर.

आकडे पाहिले तर यात घाबरण्यासारखे काही नाही. इस्त्री किंवा मिक्सर यांच्याच पंक्तीतले हे यंत्र. फरक आहे तो वेळेचा. इस्त्री अर्ध्या तासात बंद होते. स्मोकर सहा, आठ, प्रसंगी बारा तास चालतो. थोड्या वेळासाठी चालून जाणारी जी त्रुटी असते, ती एवढ्या काळात तापत तापत उघडी पडते. म्हणूनच स्मोकरच्या बाबतीत वॅटपेक्षा तास अधिक महत्त्वाचे आहेत.

अमेरिकेतील नियमांनीही हीच गोष्ट ओळखली आहे. तेथील घरांत १२० व्होल्टवर १५ अँपिअरची मंडले सर्वसामान्य असतात, म्हणजे जास्तीत जास्त १८०० वॅट. पण तीन तास किंवा त्याहून अधिक वेळ सलग चालणारा भार मंडलाच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांतच बसवावा, असा तेथील संकेत आहे. म्हणजे १२ अँपिअर किंवा १४४० वॅट. १२०० वॅटचा स्मोकर एकटाच १० अँपिअर घेतो. त्याच मंडलावर कुणी टोस्टर लावला की ब्रेकर पडलाच. अंगणातला सॉकेट अनेकदा गॅरेजमधल्या फ्रीझरच्या मंडलावरच असतो. मग एका टोस्टरपायी स्मोकर आणि फ्रीझर दोन्ही गप्प होतात आणि घरच्यांना ते संध्याकाळी कळते. स्मोकरसाठी शक्यतो स्वतंत्र सॉकेट वापरा, ही सूचना यासाठीच.

अमेरिकन स्मोकर, भारतीय वीज

खरी कसोटी आहे ती तेथून आणलेल्या १२० व्होल्टच्या स्मोकरची. येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. ‘आपल्याकडे व्होल्टेज दुप्पट आहे, म्हणजे स्मोकर जरा लवकर तापेल’, असे काहींना वाटते. प्रत्यक्षात उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

उदाहरण घेऊ. १२० व्होल्टवर ८०० वॅट देणाऱ्या कॉइलचा रोध १८ ओहम असतो. तेच कॉइल २३० व्होल्टला जोडले तर त्यातून १२.८ अँपिअर प्रवाह वाहील आणि ते सुमारे २९४० वॅट उष्णता देऊ लागेल. म्हणजे साडेतीन पटीहून अधिक. अंगावर काटा आणणारी गोष्ट यापुढेच आहे. १२.८ अँपिअर हा प्रवाह १६ अँपिअरच्या एमसीबीच्या मर्यादेत आहे. त्यामुळे एमसीबी पडणार नाही. तिच्या दृष्टीने सारे आलबेल असेल आणि स्मोकरच्या आत मात्र कॉइल लालबुंद होऊन नियंत्रक वितळत असेल. १२०० वॅटच्या स्मोकरमध्ये प्रवाह १९ अँपिअरवर जाईल. तरीही एमसीबी तत्क्षणी पडेलच अशी खात्री नाही, कारण थोड्याशा अधिक भाराला ती बराच वेळ दाद देत नाही. एमसीबी भिंतीतल्या तारांचे रक्षण करते, प्लगला जोडलेल्या यंत्राचे नव्हे, हे यातून ध्यानात यावे.

बाजारात मिळणाऱ्या साध्या अडॅप्टरने फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. प्रवाशांसाठी विकले जाणारे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर ‘१६०० वॅट’ असे लिहून येतात. पण ते केस वाळवण्याच्या यंत्रासारख्या काही मिनिटांच्या वापरासाठी असतात. आठ तासांच्या स्मोकरला किंवा त्यातल्या डिजिटल नियंत्रकाला ते मानवणारे नाहीत.

योग्य उपाय म्हणजे २३० व्होल्टचे ११० किंवा १२० व्होल्ट करणारा, तांब्याच्या वेढ्यांचा, जड ट्रान्सफॉर्मर. ८०० वॅटच्या स्मोकरला ८०० व्होल्ट-अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर कागदावर पुरतो. प्रत्यक्षात सतत चालण्याच्या क्षमतेचा १५०० व्होल्ट-अँपिअरचा घ्यावा. ‘सतत’ हा शब्द दुकानदाराकडून वदवून आणि लिहून घ्यावा. ट्रान्सफॉर्मर चालताना तापतोच, म्हणून तो हवेशीर जागी, स्मोकरच्या उष्णतेपासून आणि पावसापासून दूर असावा. सुरू करण्याच्या क्षणी तो मोठा प्रवाह ओढतो. त्यामुळे एखाद्या वेळी एमसीबी पडली तर तेवढ्यावरून यंत्र बिघडले असे समजू नये.

५० आणि ६० हर्ट्‌झच्या फरकाचा कॉइलला काही फरक पडत नाही. मात्र मोटरवर चालणारे जुन्या पद्धतीचे घड्याळ किंवा टायमर असेल तर ते मागे पडेल. बारा तासांचा टायमर अशा वेळी सव्वाचौदा तासांहूनही अधिक घेईल. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्‌झ नव्हे.

या सगळ्याचा जमाखर्च मांडला तर एक साधा सल्ला निघतो: स्मोकर अद्याप विकत घेतलेला नसेल, तर २२०-२४० व्होल्टचाच घ्यावा. ट्रान्सफॉर्मरची किंमत, वजन आणि त्याने भरीला घेतलेली वीज यांचा विचार केला तर सवलतीत मिळालेला अमेरिकन स्मोकर अनेकदा स्वस्त पडत नाही.

तीन पिनांचे मोल

स्मोकरचे कपाट धातूचे, आत ओलावा आणि चरबी, वापर उघड्यावर. अशा यंत्राला अर्थिंग नसेल तर तो जिवाशी खेळ आहे. आपल्याकडे सर्व प्रकारचे प्लग सामावणारे सॉकेट सर्रास मिळतात. अमेरिकन प्लगच्या दोन चपट्या पिना त्यांत नीट बसतात, यंत्र सुरू होते. पण तिसरी गोल पिन अर्थला भिडलेली असेलच असे नाही. यंत्र चालते, याचा अर्थ ते सुरक्षित आहे असा होत नाही. कॉइलमधून गळणारी वीज कपाटावर आली, तर तिला जमिनीकडे जाण्याचा मार्ग दार उघडणाऱ्या माणसाच्या शरीरातून मिळतो.

अर्थिंगच्या जोडीला हवा गळती ओळखणारा ब्रेकर, म्हणजे आरसीसीबी. अनेक घरांत याला अजूनही ईएलसीबी म्हणतात. भारतीय घरांत तो साधारणपणे ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडतो. अमेरिकेत घराबाहेरच्या सॉकेटना असे संरक्षण १९७३पासून नियमाने आले आणि तेथे सुमारे ५ मिलिअँपिअरलाच वीज तुटते.

स्मोकरधारकांची एक नेहमीची तक्रार येथूनच सुरू होते. महिनोन्‌महिने ठेवून दिलेला स्मोकर बाहेर काढला की आरसीसीबी पडतो. कॉइलच्या नळीत भरलेली पांढरी भुकटी, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, हवेतला ओलावा शोषून घेते आणि थोडी वीज कपाटाकडे गळू लागते. कोकणात किंवा मुंबईत चार महिन्यांच्या पावसाळ्यानंतर गीझर आणि ओव्हन यांचेही असेच होते. अशा वेळी ‘आरसीसीबीच खराब आहे’ असे म्हणून तो वगळून थेट जोडणी करून देणारे महाभाग भेटतात. त्यांचे ऐकू नये. परवानाधारक वायरमनकडून मेगरने कॉइलची तपासणी करून घ्यावी. ओलावा असेल तर तो सुकवता येतो, कॉइल फाटले असेल तर बदलावे लागते. यंत्र कोरड्या जागी, आच्छादन घालून ठेवले तर ही वेळ सहसा येत नाही.

सॉकेट, तार आणि एक्स्टेन्शन

आपल्या घरांत ६ अँपिअरचे लहान आणि १६ अँपिअरचे मोठे, असे दोन प्रकारचे सॉकेट असतात. जुन्या माणसांच्या बोलण्यात ते ‘पाचचा’ आणि ‘पंधराचा’ म्हणूनच येतात. ६ अँपिअरच्या सॉकेटची कमाल क्षमता १३८० वॅट. गणिताने ८०० वॅटचा स्मोकर त्यात बसतो. पण तासांचा विचार करता १६ अँपिअरचा सॉकेटच वापरावा. त्यामागे साधारणतः २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असते, तर दिव्या-पंख्यांच्या मंडलाची तार त्याहून बारीक असते.

सैल सॉकेट हा यातला सर्वांत दुर्लक्षित शत्रू. जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ मध्ये दाखवून दिले, की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. समजा, सैल पिनेपाशी अवघा अर्धा ओहम रोध तयार झाला आणि प्रवाह १० अँपिअर आहे, तर त्या एका बिंदूवर ५० वॅट उष्णता साचेल. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने कथील वितळवतो. तशा दोन आयर्न प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये आठ तास खुपसून ठेवल्या तर काय होईल, याची कल्पना वाचकांनी करावी. स्मोकर सुरू करून अर्ध्या तासाने प्लगला बाहेरून हात लावून पाहावा. कोमट असेल तर ठीक; चटका बसत असेल किंवा जळका वास येत असेल तर बंद करावा.

एक्स्टेन्शन बोर्ड टाळणे उत्तम. अंगणात किंवा गच्चीवर तो लागणारच असेल तर जाड तारेचा, आखूड आणि तीन पिनांचा असावा. बारीक तारेचे दुष्परिणाम कमी व्होल्टवर अधिक जाणवतात. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या १५ मीटर लांब तारेचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.७ ओहम होतो. १२० व्होल्टवर ८०० वॅटचा स्मोकर पावणेसात अँपिअर घेतो. तेव्हा साडेचार व्होल्टहून अधिक वाटेतच गळतात आणि कॉइलची उष्णता सात टक्क्यांच्या वर घटते. २३० व्होल्टच्या स्मोकरला हाच तोटा दोन टक्क्यांच्या आसपास असतो. गुंडाळीवर गुंडाळलेली तार वापरायची असेल तर ती पूर्ण उलगडावी. वेढ्यांत अडकलेल्या उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते.

जुन्या चाळींत आणि वाड्यांत अजून लाकडी पट्टीवरचे वायरिंग आणि तारेचे फ्यूज दिसतात. फ्यूज वारंवार जातो म्हणून जाड तार गुंडाळणे हा तेथला प्रचलित उपाय. तो उपाय नसून पहारेकऱ्याला झोपेचे औषध देण्यासारखा प्रकार आहे. अशा घरात स्मोकर आणण्यापूर्वी वायरिंग बदलणे हाच पहिला खर्च समजावा.

घराचा एकूण भार

स्मोकर सहसा एकटा चालत नाही. रविवारी पाहुणे यायचे असतात, म्हणून तो लावलेला असतो. गीझर २००० वॅट, वातानुकूलन यंत्र १६००, इंडक्शन शेगडी २०००, मायक्रोवेव्ह १२०० आणि स्मोकर ८०० अशी बेरीज केली तर ७६०० वॅट, म्हणजे ३३ अँपिअर होतात. मुख्य एमसीबी ३२ अँपिअरची असेल तर घर काठावर उभे आहे. वीजबिलावर ‘मंजूर भार’ असा रकाना असतो. तो दोन-तीन किलोवॅटच असेल आणि घरात एवढी उपकरणे असतील, तर वीज कंपनीकडे रीतसर अर्ज करून तो वाढवून घ्यावा. तोवर गीझर आणि स्मोकर एकाच वेळी न चालवण्याची शिस्त पाळावी.

बिलाची चिंता मात्र फार नको. थर्मोस्टॅटमुळे कॉइल सतत चालू राहत नाही. ते निम्मा वेळ चालले असे धरले, तर ८०० वॅटचा स्मोकर आठ तासांत ३.२ युनिट वीज घेईल; अखंड चालला तरी ६.४ युनिट.

वीज गेली तर?

येथे प्रश्न यंत्राचा राहत नाही, पोटाचा होतो. ४ ते ६० अंश सेल्सिअस हे तापमान अन्नातील जिवाणूंच्या वाढीला पोषक असते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मार्गदर्शनानुसार शिजवायचे अन्न या टप्प्यात दोन तासांहून अधिक राहू नये; हवा ३२ अंशांहून उष्ण असेल तर एकच तास. आपल्या उन्हाळ्यात दुसराच नियम लागू होतो. स्मोकरच्या आतील तापमान १०७ ते १४९ अंशांदरम्यान राखावे, असे तेच खाते सांगते.

वीज गेली की यंत्र हळूहळू निवते आणि मांस या धोक्याच्या टप्प्यात रेंगाळते. त्यातही एक मेख आहे. बटणाने फिरणाऱ्या साध्या नियंत्रकाचा स्मोकर वीज आल्यावर आपोआप सुरू होतो. पण अनेक डिजिटल स्मोकर वीज परतल्यावर बंदच राहतात. दुपारी दहा मिनिटे वीज गेली, परत आली, पंखे फिरू लागले, सगळे निश्चिंत झाले आणि स्मोकर मात्र तसाच थंड पडून राहिला, असे घडू शकते.

कमी व्होल्टेजचेही तसेच. २३० व्होल्टवर ८०० वॅट देणारे कॉइल १८० व्होल्टवर जेमतेम ४९० वॅट देते. धूर निघत राहतो, वास दरवळतो, पण मांस हवे तेवढे तापत नाही. धूर म्हणजे शिजल्याची पावती नव्हे. म्हणून मांसाच्या मध्यभागी खुपसायचा थर्मामीटर हा स्मोकरचा अविभाज्य भाग मानावा. कोंबडी असेल तर आतील तापमान ७४ अंशांपर्यंत पोहोचलेच पाहिजे.

घरातला इन्व्हर्टर या कामी येत नाही. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदावर १.८ युनिट वीज असते. ८०० वॅटचा भार तिच्यातून ६७ अँपिअरहून अधिक प्रवाह ओढेल, तासा-सव्वा तासात तिला रिकामे करील आणि लहान इन्व्हर्टर त्याआधीच अतिभाराची शिटी वाजवील. लाकडाच्या गोळ्यांवर चालणारे स्मोकर याला अपवाद. त्यांत उष्णता लाकडाची असते आणि वीज फक्त सुरुवातीला पेटवण्यासाठी आणि नंतर पंख्यापुरती लागते. पेटवताना सुमारे ३०० वॅट घेणारे असे यंत्र पुढे ५० वॅटच्या आसपास भागवते, म्हणून इन्व्हर्टरवर चालू शकते.

वीज गेल्यास वेळ लिहून ठेवावी, दार उघडू नये आणि अर्ध्या तासात वीज आली नाही तर मांस गॅसवर किंवा गॅसच्या ओव्हनमध्ये पूर्ण शिजवून घ्यावे. अर्धे शिजवून फ्रीजमध्ये ठेवायचे आणि उद्या पुढचे पाहायचे, हा मार्ग धोक्याचा. वेळेचा अंदाज चुकला असेल तर पदार्थ टाकून द्यावा. दोन किलो मटण टाकताना जीव हळहळतो खरा. पण पाहुण्यांना रुग्णालयात नेताना त्याहून अधिक हळहळेल.

जागा कोणती?

स्मोकर विजेवर चालतो म्हणून तो घरात चालवता येतो, हा शेवटचा आणि सर्वांत घातक गैरसमज. कॉइल विजेचे असले तरी धुमसते ते लाकूडच आणि धुमसणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद जागेत तो झोपेतच माणसाला नेतो. स्वयंपाकघराची चिमणी किंवा एक्झॉस्ट पंखा यावर भरवसा ठेवू नये. काचा लावलेली बाल्कनीही बंद खोलीच समजावी. अंगण किंवा खुली गच्ची हीच त्याची जागा. तेथेही भिंतीपासून आणि वाळत घातलेल्या कपड्यांपासून अंतर राखून, पावसाचा थेंब सॉकेटवर पडणार नाही अशा बेताने. सोसायटीची परवानगी आधी घेतलेली बरी, कारण वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला तो वास सुवास वाटेलच असे नाही.

आपल्या आज्यांना चुलीपुढे बसून जाळ मागे-पुढे करताना धूर डोळ्यांत जात असे, पण आच कुठे आहे आणि किती आहे, हे त्यांना समोर दिसत असे. विजेची आच भिंतीआडच्या तारांतून येते, ती दिसत नाही. म्हणून स्मोकरचे खोके उघडण्यापूर्वी मागच्या पट्टीवरचे तीन आकडे वाचावेत, वायरमनला बोलावून अर्थिंग आणि सॉकेट तपासून घ्यावेत आणि पहिल्यांदा यंत्र रिकामेच दोन तास चालवून पाहावे. त्या दोन तासांत प्लग थंड राहिला आणि ब्रेकर जागचा हलला नाही, की मग खुशाल आंब्याच्या लाकडाच्या ढलप्या भिजत घालाव्यात.